मागचा एक, पुढचा एक

माझ्या सासूबाईंना अजूनही वाटतं की मी मोटारी दुरुस्त करते. त्या तसंच सगळीकडे सांगतात, आणि मग आष्ट्यातल्या आमच्या आळीतले बिघडलेले मिक्सर माझ्या ओट्यावर येऊन बसतात. मी ते दुरुस्त करून देते. काय काम करते ते समजावून सांगण्यापेक्षा मिक्सर लवकर होतो.

आज मात्र समजावून सांगणार आहे, कारण या अंकाच्या संपादकांनी पानं दिली आहेत आणि चष्म्याशिवाय सासूबाईंना हे वाचता येणार नाही, हेही बरंच आहे.

सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लहानसा कारखाना आहे. शेतातल्या मोटारी आपोआप चालू-बंद करणारे डबे आम्ही बनवतो. डब्यात नखाएवढी चिप असते. मोटार कधी लावायची, कधी थांबायचं, कुठला व्हॉल्व्ह उघडायचा, हे त्या चिपला सांगणारा प्रोग्राम मी लिहिते. तोही असेंब्ली भाषेत. पुण्याचे पाहुणे हे ऐकून असे बघतात, जणू मी अजून जात्यावर दळते. पण आमची चिप लहान, तिच्यातली जागा त्याहून लहान. मोठ्या भाषा तिथे पाय पसरायला गेल्या की भिंतीला डोकं आपटतं. असेंब्ली अंग चोरून बसते.

या भाषेत चिपला अक्कल आहे असं धरायचंच नाही. हा आकडा तिथे ठेव. या दोन आकड्यांची तुलना कर. सारखे असतील तर अमुक ठिकाणी उडी मार. एवढंच. सगळा खेळ उड्यांचा. उडी कुठे मारायची ते कळावं म्हणून त्या ठिकाणाला एक नाव देतात, त्याला लेबल म्हणतात. एका प्रोग्राममध्ये एक नाव एकदाच वापरता येतं. गावात एकाच नावाचे दोन सरपंच चालत नाहीत, तसं.

आता एका प्रोग्राममध्ये लेबलं लागतात दीडशे-दोनशे. इतकी नावं आणायची कुठून? लोक ‘थांबा१’, ‘थांबा२’, ‘थांबा३’ अशी देतात आणि चार महिन्यांनी कुठला थांबा कशासाठी होता ते त्यांनाच आठवत नाही. माझं तसं होत नसे. मी माणसांची नावं द्यायची.

दर दोन सेकंदांनी येऊन सगळं ठीक चाललंय का बघून जाणारा एक भाग होता. त्याचं नाव ‘सासू’. बटण दाबलं गेलंय याची तीन वेळा खात्री करून घेतल्याशिवाय जागचा न हलणारा भाग, त्याचं नाव ‘नवरा’. आणि एक भाग असा होता, की परिस्थिती सुधारेपर्यंत फक्त थांबायचं, दुसरं काही म्हणजे काही करायचं नाही. त्याला मी आमच्या मालकांचं नाव दिलं होतं. ‘मगदूम’.

मगदूमसाहेब माणूस भला. पण कुठलाही निर्णय समोर आला की ते खुर्चीत मागे रेलून ‘बघू’ म्हणतात, आणि मग खरंच नुसते बघत राहतात.

हे वर्षानुवर्षं सुखाने चाललं होतं. मग एका खंडेनवमीला माझी दुर्बुद्धी झाली. कारखान्यात त्या दिवशी सगळी हत्यारं मांडून पूजा होते. फिटर लोकांनी पाने मांडले, वनितानं तिची कावीळ झाल्यासारखी पिवळी पडलेली सोल्डरिंगची बंदूक मांडली. ही वनिता कवठेपिरानची. जोडणीच्या टेबलावर माझ्याइतकीच जुनी, आणि जिभेनं माझ्याहून तिखट. ती म्हणाली, “बाई, तुमचं हत्यार कुठंय?” माझं हत्यार म्हणजे प्रोग्राम. मी त्याची छापील प्रत काढली आणि झेंडूच्या माळेखाली ठेवली.

मगदूमसाहेबांनी हळदकुंकू वाहिलं. अक्षता टाकल्या. आणि वाकलेले होतेच, म्हणून वाचायला लागले.

“काय ओ मॅडम, हे मगदूम कोण?”

“आहेत एक.”

“काय करतात?”

“थांबतात, साहेब.”

“आणि?”

“आणि काही नाही.”

वनिता नारळाकडे तोंड करून हसायला लागली. फिटर लोकांना समजायला अर्धं मिनिट लागलं, पण मग त्यांनीही हसण्यात कसर ठेवली नाही. साहेबांनी पान उलटलं, ‘नवरा’ वाचलं, अजून एक उलटलं आणि माळ परत जागेवर ठेवली. दसरा झाल्यावर केबिनमध्ये बोलावलं. हसू दाबत होते की राग, ते त्यांच्या मिशीमुळे कळलं नाही.

“उद्यापासून प्रोग्राममध्ये माणसांची नावं नकोत. गिऱ्हाइकानं बघितलं तर काय म्हणंल?”

“गिऱ्हाईक कशाला बघतंय, साहेब?”

“मी बघितलंच की!”

बोलण्यात हरले की मला राग येतो. नावं नकोत ना? घ्या आकडे.

असेंब्लीत अशी एक सोय आहे. नाव शोधायचं नसेल तर ठिकाणाला नुसता आकडा द्यायचा, समजा ‘एक’. मग उडी मारताना सांगायचं, ‘मागच्या एकवर जा’ किंवा ‘पुढच्या एकवर जा’. मागचा एक म्हणजे तुम्ही आहात तिथून मागे वळल्यावर पहिला भेटेल तो. पुढचा म्हणजे पुढे पहिला दिसेल तो. ही स्थानिक लेबलं. त्यांची ओळख जवळपासपुरती. एकाच प्रोग्राममध्ये शंभर ‘एक’ असले तरी चालतात, कारण प्रत्येक उडी आपल्या शेजारचाच एक बघते. प्रत्येक घरात एक आप्पा असतात. “आप्पांना जेवायला बोलव” म्हटलं की पोरगं शेजारच्या आप्पांना आणत नाही. तसंच.

सोय उत्तम आहे. चार ओळींच्या, पुन्हा पुन्हा चालणाऱ्या फेऱ्याला कशाला मोठं नाव द्यायचं? पण ती चार ओळींसाठी आहे. मी रागाच्या भरात तीन दिवस बसून सगळी नावं काढून टाकली आणि जिथे तिथे एक आणि दोन घातले. सासू गेली, नवरा गेला, मगदूम गेले. प्रोग्राम असा दिसायला लागला, जणू कुणी रांगोळीचे ठिपके काढून रेषा विसरलंय. साहेबांना दाखवला. ते म्हणाले, “आता कसं स्वच्छ वाटतंय.”

त्या उन्हाळ्याच्या तोंडावर कवठे महांकाळच्या बाजूच्या एका वस्तीवरून डब्याची मागणी आली. दोन भाऊ, बिरू आणि सिदू. घराणं मेंढपाळांचं, वडिलांच्या पिढीपर्यंत दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. आता थोरल्या बिरूचं डाळिंब, धाकट्या सिदूची द्राक्षबाग. बोअर मात्र दोघांत एक, आणि त्यावर पाण्याची पाळी. एक तास ह्याचा, एक तास त्याचा. पाळीवरून रोज कुरबुर. कोणाचा तास कधी सुरू झाला, कोणी दहा मिनिटं खाल्ली. वडील गेलेले. आई तुळसाक्का, ती म्हणाली, पाळी यंत्रानं द्यायची. यंत्राला भाऊ नसतो.

आमच्या डब्यात पाळीचा प्रोग्राम आधीपासून होता, आणि त्यात आमच्या भागातली एक रीतही मी घातलेली होती. सामाईक विहिरीवर तुमच्या पाळीत लाईट गेली, तर पाळी बुडाली. लाईट आली की पुढच्याचा नंबर. भरपाई वगैरे नाही. भरपाई सुरू केली तर भांडणं संपायची नाहीत. म्हणून डबा बंद पडून पुन्हा चालू झाला की तो पुढच्या माणसाचा व्हॉल्व्ह उघडायचा.

पण या भावांचा पंप सौरऊर्जेवरचा. तिथे लाईट जाण्याचा प्रश्न नाही, ढग येण्याचा आहे. म्हणून मी एक छोटा तुकडा नव्याने घातला: मोटार लावण्याआधी ऊन पुरेसं आहे का बघ, नसेल तर दोन मिनिटं थांब आणि परत बघ. दहा मिनिटांचं काम. चहाच्या आधी उरकलं. डबा वनिताकडे तपासायला दिला. तपासताना तासाचं मिनिट करतो आणि व्हॉल्व्हच्या जागी दिवे लावतो. पहिला दिवा लागला की वनिता कागदावर खूण करते, दुसरा लागला की दुसरी. संध्याकाळी कागद भरलेला होता. मी सही केली.

डबा बसवून आठ दिवस झाले असतील, सिदूचा फोन आला.

“ताई, तुमचा डबा लबाड हाय.”

“काय झालं?”

“थोरल्याच्या डाळिंबात चिखूल झालाय, आन माज्या बागंत थेंब न्हाई. आठ दिस झालं. खरड छाटणी झाल्या, फुटवं आल्यात, आता पाणी न्हाई घावलं तर पुढल्या साली घडच न्हाईत. म्या काय टँकरनं पाणी घालू व्हय?”

मी अनुभवी बाई आहे, त्यामुळे पहिला संशय दुसऱ्यावर घेतला. बसवणाऱ्यानं तारा चुकवल्या असणार. सिदूला सांगितलं, दोन्ही व्हॉल्व्हच्या तारांची अदलाबदल करून बघा.

या एका सल्ल्याबद्दल मला कारखान्यातून काढायला हवं होतं. सिदूनं तारा बदलल्या, आणि अर्थातच सगळं पाणी सिदूच्या द्राक्षांना जाऊ लागलं. तो दोन दिवस गप्प बसला. ते मी समजू शकते. तिसऱ्या दिवशी फोन बिरूचा.

“ताई, तुमीच ह्याला शिकिवलं म्हनं, तारा बदलायला?”

“तपासायला सांगितलं होतं हो.”

“तपासलं की! माजी फुलं गळाय लागल्यात. ह्यो डबा कोन आधी फोन करतंय त्याचा व्हय?”

त्यानं आधी डब्याला कुलूप लावलं. सिदूनं त्यावर दुसरं लावलं. आता डबा उघडायला दोघे लागायचे, आणि दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. सिदू म्हणायला लागला की थोरल्यानं कारखान्यात जाऊन आधीच सेटिंग करून घेतलं होतं. बिरू म्हणायला लागला, नवं बोअर मारतो, ह्याचा संबंध नको. चौथ्या दिवशी तुळसाक्कांनी कुणाच्या तरी फोनवरून मला गाठलं. नमस्कार-चमत्कार नाही.

“बाई, तू ये. तुज्या डब्यानं माजं घर फोडलंया. आता तूच सांद.”

गंमत अशी की कारखान्यातला त्याच प्रोग्रामचा डबा उत्तम चालत होता. दिवा एक, दिवा दोन, दिवा एक. मी तो वनिताच्या टेबलावर चालू ठेवला आणि सकाळची गाडी पकडून मिरजेवरून कवठे महांकाळ गाठलं. पुढे वस्तीपर्यंत बिरूची मोटरसायकल. वाटेत तो एवढंच म्हणाला, “तुमी आल्यासा ते बरं झालं. पर खरं काय ते बोला. लपवू नगा.”

डब्यापाशी बाभळीखाली एक बाज टाकलेली. तुळसाक्का तिच्यावर बसल्या होत्या, पाय खाली सोडून, समोर काठी आडवी. बिरू बाजेच्या या टोकाला उभा, सिदू त्या. दोघांनी आपापल्या किल्ल्या काढल्या आणि एकमेकांकडे न बघता कुलपं उघडली. मी डबा बंद न करता तारा मूळ जागी लावल्या आणि समोर बसले. व्हॉल्व्ह पहिला. तास झाला. खटका वाजायला हवा होता. मोटार तशीच चालू, पाणी तसंच डाळिंबात.

“बगा,” सिदू म्हणाला.

“बगतोय की,” बिरू म्हणाला. कुलपं लागल्यापासून ते एकमेकांशी हेच पहिलं बोलले असावेत.

मी वनिताला फोन लावला. “तुझ्या टेबलावरचा कसा चाललाय?”

“झक्कास. आत्ताच दुसरा दिवा लागला.”

“आत्ता म्हणजे नेमका कधी?”

“लाईट आल्यावर.”

“कुठली लाईट?”

“आवं बाई, सकाळपासनं वीजवाल्यांचं काम चाललंय न्हवं का? दर पाच-दहा मिनिटाला जातीया न् येतीया. आली की दिवा पुढं जातोय. त्या तपासणीच्या दिवशी पण तसंच होतं. मी आपली खूण करत हुते.”

मी फोन ठेवला आणि बाभळीखाली बसल्या बसल्या हिशेब मांडला.

आमच्या वसाहतीतली लाईट इतक्या वेळा गेली होती की डबा दर वेळी नव्यानं चालू होऊन, पाळी बुडाल्याच्या रीतीनं, पुढचा दिवा लावत होता. वनिताच्या खुणा खऱ्या होत्या, पण त्या मिनिटाच्या नव्हत्या, लाईटच्या होत्या; डबा स्वतःहून एकदाही पुढे गेलेला नव्हता. इथे वस्तीवर सूर्य काही ट्रिप होत नाही. इथल्या डब्याला बॅटरीही जोडलेली आहे, टेबलावरच्याला नव्हती. तो कधी बंदच पडला नाही, म्हणून कधी पुढे सरकलाच नाही.

लॅपटॉप उघडला. आधीचा प्रोग्राम साध्या मराठीत असा होता:

एक: पुढच्या भावाचा व्हॉल्व्ह उघड.
मोटार लाव. तास मोज.
मागच्या एकवर जा.

आणि मी चहाच्या आधी घातलेल्या तुकड्यानंतर तो असा झाला होता:

एक: पुढच्या भावाचा व्हॉल्व्ह उघड.
एक: ऊन बघ. कमी असेल तर दोन मिनिटं थांब, मागच्या एकवर जा.
मोटार लाव. तास मोज.
मागच्या एकवर जा.

शेवटच्या ओळीतल्या उडीला वाटेत नवा एक भेटला. ती तिथेच थांबली. ऊन बघायचं, मोटार लावायची, तास मोजायचा, परत ऊन बघायचं. भाऊ बदलण्याची ओळ त्याच्याही मागे राहून गेली. यंत्रानं काहीही चुकवलं नव्हतं. मागचा एक म्हणजे जवळचा एक, हा त्याचा नियम आणि तो त्यानं पाळला. ऊन बघत थांबणाऱ्या तुकड्याचं नाव पूर्वीसारखं ‘मगदूम’ असतं, तर हे होणं शक्यच नव्हतं.

आता खरी पंचाईत. दुरुस्ती दोन मिनिटांची. तिघांना सांगायचं काय? “सेन्सर बिघडला होता” म्हणून मोकळं होता आलं असतं. तसं मी आयुष्यात एकदाही म्हटलेलं नाही, असं म्हणणार नाही. पण सेन्सर म्हटलं असतं तर सिदूच्या मनात राहिलं असतं की थोरल्यानं बिघडवला, आणि बिरूच्या मनात की तारा बदलताना धाकट्यानं. दुसरं बोअर पडलं असतं आणि त्याला कारण मी.

“चूक माझी आहे,” मी म्हटलं. “तुम्हा दोघांपैकी कुणीही डब्याला काही केलेलं नाही. मी लिहिताना घोळ घातला.”

सिदू हसला. “थोरल्याला वाचवाय लागलाय व्हय, ताई?”

“मला कशाला वाचवतीया?” बिरू उसळला. “तारा बदलाय तुलाच सांगितल्या न्हवं?”

“आवं, तुमी फटफटीवर बसवून आणलंसा तिला. वाटंत काय बोलला असशीला, आमाला काय दिसतंय?”

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. दोघांनी पडद्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांच्या मेंढीच्या दातांकडे बघेन. मी एक, मागचा एक, नवा एक असं दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी मलाच ते खोटं वाटायला लागलं. तेवढ्यात तुळसाक्कांनी काठी आपटली.

“गप बसा रं दोगंबी. मला कळलं ती काय म्हंतीया.”

आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघायला लागलो.

“आमी कोकणात जायचो तवा,” त्या म्हणाल्या, “आमी बाया घोड्यांवर बिऱ्हाड लादून म्होरं जायाच्या, गडी मेंढरं घिऊन मागनं. एकदा पाटणच्या अंगाला आमची एक गाभण मेंढी चालंना, म्हनून एका माळ्याकडं ठिवली. दुसऱ्या तळावर गेल्यावर तुमच्या चुलत्याला सांगावा धाडला, मागल्या तळावर मेंढी हाय, घिऊन ये. पर सांगावा जाईपतुर आमचं घोडं लंगडाय लागलं. वाटंतच दुपारपतुर आमी उतरलो. चूल मांडली, राख टाकली, पुन्ना हाललो. चुलता म्होरं जागा बगाय गेल्ता, त्यो माघारी फिरला, राख बगितली, म्हनला ह्योच मागला तळ. हितं काय मेंढी न्हाई. आला हात हालवत. तुमच्या बाला वाटलं, भावानं मेंढी इकून खाल्ली.”

“मग?” सिदूनं विचारलं.

“मग काय? सा म्हयनं बोलत न्हवतं दोगं. मेंढी त्या माळ्याकडंच व्याली, दोन पिलांची आई झाली, तवा कळलं.” त्यांनी माझ्याकडे काठी केली. “हिनं मधी राख टाकून ठिवली. चिप का काय ती, ती चुलत्यावानी हाय. जवळची राख बगून माघारी येतीया. तिचा दोस न्हाई. सांगणाराचा हाय.”

इतक्या कमी शब्दांत माझी चूक कुणी कधी काढलेली नाही.

“मग पुढं काय केलंत, आक्का?” मी विचारलं.

“काय करायचं? तवापास्नं मागला, म्होरला म्हनायचं सोडलं. लांबचा सांगावा असला की गावाचं नाव घिऊन सांगायचं. अमक्या गावचा तळ. हाताच्या अंतरावर असंल, तर मागला म्हन की, कोन नगं म्हंतंय?”

हा नियम मी परत आल्यावर टेबलासमोर लिहून लावला. जवळ असेल तर आकडा, लांब असेल तर नाव. पुस्तकात याला चार पानं लागतात.

प्रोग्राम तिथेच बदलला. पाळी देणाऱ्या फेऱ्याला नाव दिलं ‘तुळसा’. ऊन बघत थांबणाऱ्या तुकड्याला थांबणाऱ्याचं जुनं नाव दिलं, आणि तासाच्या मध्येच ढग आला तरी त्याच्याकडे यायची सोय केली. सिदू खांद्यावरून बघत होता. “ह्ये काय लिवलं?”

“मगदूम. आमच्या मालकांचं नाव. ढग आला की काही न करता थांबायचं, ते यांचं काम.”

“लय भारी,” सिदू म्हणाला. बिरूही हसला, पण धाकट्याला दिसणार नाही असा.

चिपमध्ये प्रोग्राम भरला. तासाचं मिनिट करून लगेच दाखवते म्हटलं, तर तुळसाक्का हलेनात. “तास म्हंजे तास. तुमच्या कारखान्यात मिनटाचंच बगितलंसा न्हवं?”

तासभर आम्ही चौघं त्या डब्यासमोर बसलो. भावांना उठून जाता येईना, कारण कोण उठला की मागे काय होईल याचा दुसऱ्याला भरवसा नाही. चहा आला. मध्येच वळवाचा एक ढग सूर्यावर आला आणि मोटार थांबली.

“मगदूम लागला,” सिदू म्हणाला.

“गप ए,” बिरू म्हणाला. पण दोघंही वर आभाळाकडे बघत होते. ढग सरला. मोटार लागली. आणखी काही मिनिटांनी डब्यात खटका वाजला, पहिला व्हॉल्व्ह मिटला, दुसरा उघडला. द्राक्षांच्या ओळींतल्या ठिबकच्या नळ्या फुरफुरल्या. आधी हवा, मग पाणी.

कुणी कुणाला मिठी वगैरे मारली नाही. बिरूनं फक्त रिकामी कपबशी खाली ठेवली. “जा की आता. कडंच्या वळीत नळ्या निसटल्या असत्याल, चार दिस सलग पाणी सोडलंस त्यात.” सिदू चार पावलं गेला, थांबला आणि म्हणाला, “पाना तुमच्याकडं हाय. आणा की.” बिरू पाना शोधायला गेला. तुळसाक्कांनी बाजेवरची दोन्ही कुलपं उचलली आणि आपल्या कनवटीला लावली.

परत आल्यावर मगदूमसाहेबांना सगळं सांगितलं. “तुम्ही नावं काढा म्हणालात,” मी म्हटलं, “आकडे घाला म्हणाला नव्हतात. ते मी तुमच्यावरच्या रागानं केलं. आळीपाळीनं दोघांची पिकं तहानली, त्याचं मला वाईट वाटतं.” साहेब खुर्चीत मागे रेलले. आता ‘बघू’ म्हणणार, असं मला वाटलं.

“मग माझं नाव परत घातलंय का?”

“घातलंय.”

“तिथंच?”

“तिथंच, साहेब.”

“बघू,” ते म्हणाले.

पुढच्या खंडेनवमीला छापील प्रत मी मुद्दाम ठेवली नाही. साहेबांनीच मागवली. हळदकुंकू वाहत होते, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. तो त्यांनीच उचलला आणि हात कुंकवाचा म्हणून स्पीकरवर टाकला. आवाज बिरूचा.

“आवं, मगदूम सकाळधरनं लागलाय, सुटंना बगा. काय करावं?”

“मी मगदूमच बोलतोय,” साहेब म्हणाले.

पलीकडे बिरूच्या मागून सिदूचा आवाज आला, हसू न आवरलेला.

“दादा, त्यो न्हवं, डब्यातल्या मगदूमचं इचारा! आन आधी वर बगा की, पाऊस लागलाय!”